गच्चीवरचा पाइप आणि गटारातला माणूस

आपल्या इमारतीच्या गच्चीवर एक उभा पाइप असतो. त्याच्या तोंडावर छत्रीसारखी टोपी असते, नाहीतर नुसतीच जाळी. त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधतात, डिशची वायर गुंडाळतात, पोरांचे पतंग त्यात अडकतात. हा पाइप कशासाठी आहे, असे दहा जणांना विचारले तर नऊ जण खांदे उडवतील. प्लंबर त्याला व्हेंट पाइप म्हणतात. गावाकडे सेप्टिक टँकवर असाच पाइप उभा असतो, त्याला लोक गॅस पाइप म्हणतात.

या लेखाचा विषय हा पाइप आहे. आंबेडकरी चळवळीच्या कार्यकर्त्याने प्लंबिंगवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण मैला कुठून कसा वाहतो, त्याची हवा कुठे सोडली जाते आणि तो अडला की कोणाला हाक मारली जाते, हा आपल्या समाजाचा इतिहास आहे. धर्मग्रंथांत जात शोधणारे आपण बरेच आहोत. ती बिडाच्या पाइपात आणि चेंबरच्या झाकणाखालीही सापडते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हा पाइप तुंबला तर तो घरातल्या माणसाला स्वतः साफ करता येतो, आणि त्याने तो करावा. सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात मात्र कोणीही उतरू नये. घरमालकाने नाही, भाडेकरूने नाही, आणि चार पैसे देऊन बोलावलेल्या माणसाने तर नाहीच. या दोन गोष्टींतला फरक कळण्यासाठी थोडे विज्ञान आणि बराच इतिहास पाहावा लागेल.

पाइप काय काम करतो?

संडासाच्या भांड्याखाली, मोरीतल्या जाळीखाली, बेसिनखाली पाइपाला एक बाक दिलेला असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. मोरीखालचा तो नहाणी ट्रॅप. या बाकात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहते. गटारातली दुर्गंधी, गॅस आणि झुरळे यांना घराबाहेर ठेवणारा दरवाजा म्हणजे हे दोन इंच पाणी.

आता वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की उभ्या पाइपातून पाण्याचा लोट खाली जातो. तो आपल्या मागे हवा ओढत नेतो. ही हवा गच्चीवरून, म्हणजे व्हेंटमधून आत येते. व्हेंट तुंबलेला असेल तर हवा दुसरीकडून ओढली जाते. ती ट्रॅपमधून येते आणि येताना तिथले पाणीही खेचून नेते. मग मोरीतून गुडगुड आवाज येतो, फ्लशचे पाणी रेंगाळत उतरते, आणि दार उघडे राहिल्यासारखी गटाराची हवा घरात शिरते.

सेप्टिक टँकवरच्या पाइपाचे काम थोडे वेगळे आहे. टाकीत मैला कुजतो आणि त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. त्यांना माणसांच्या नाकातोंडापासून दूर, उंचावर सोडून देणे हे त्या पाइपाचे काम.

इतके साधे तंत्र आहे. पण ते जन्माला यायला लंडनमधल्या श्रीमंतांना घाबरावे लागले.

दुर्गंधी राजवाड्यात पोहोचली तेव्हा

१७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाच्या पाइपाला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक देण्याचे पेटंट घेतले. बाकात पाणी अडवून दुर्गंधी थोपवायची, ही त्यातली कल्पना. घड्याळे करणाऱ्या माणसाने ट्रॅप पेटंट केला, हे लक्षात ठेवा. त्याला कोणी बाटवले नाही, त्याच्या हातचे पाणी कोणी नाकारले नाही.

पुढे लंडनमध्ये फ्लशचे संडास वाढले आणि सारा मैला थेम्स नदीत जाऊ लागला. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये कष्टकरी लोकांच्या वस्त्यांतील आरोग्यावर अहवाल काढला. त्यांच्यासह त्या काळच्या बहुतेक जाणत्यांचा समज होता की रोग दुर्गंधीतूनच होतो. १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा अभ्यास करून कॉलरा पाण्यातून पसरतो, हे दाखवले. तरी दुर्गंधीचा सिद्धांत लगेच मेला नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी सडली की काठावरच्या पार्लमेंटला आपल्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. गरिबांच्या वस्त्यांत कॉलऱ्याने हजारो माणसे मरत होती तेव्हा वर्षानुवर्षे पैसा मिळत नव्हता. खासदारांच्या नाकात वास गेला आणि काही आठवड्यांत कायदा झाला. मग जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने लंडनची भुयारी गटारे बांधली.

राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट १८६१ मध्ये वारला, तेव्हा डॉक्टरांनी टायफॉइडचे निदान केले होते. दहा वर्षांनी, १८७१ मध्ये, युवराजही टायफॉइडने मरता मरता वाचला. ज्या बंगल्यात तो पाहुणा म्हणून राहिला होता तिथल्या गटारांवर बोट ठेवले गेले. टायफॉइड गटाराच्या वाऱ्याने होत नाही, दूषित पाणी आणि अन्नातून होतो, हे आज आपण जाणतो. पण त्या भीतीने श्रीमंत इंग्रज आपापल्या घरांचे पाइप तपासू लागले. ट्रॅप, हवेचे पाइप, छपरापर्यंत नेलेली नळकांडी, हे सगळे सुधारण्यामागे त्या भीतीचा मोठा वाटा आहे. समज चुकीचा होता, तंत्र मात्र बरोबर निघाले.

यातून समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला त्रास झाला की तंत्रज्ञान धावत येते. लंडनमध्येही मैला उपसणारे गरीबच होते आणि त्यांचे जगणे हालाचेच होते. पण त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या मुलाच्या कपाळावर तेच काम लिहिलेले नव्हते. मैला वाहणारा कामगार महाग पडू लागला, मिळेनासा झाला, की मालकाला यंत्राचा विचार करावा लागतो. आपल्याकडे तो कामगार जातीने पिढ्यानपिढ्या पुरवला. मग यंत्र कोण कशाला आणेल?

मुंबईची घरगल्ली

मुंबईच्या जुन्या भागात, गिरगावात किंवा भायखळ्याला, दोन इमारतींच्या पाठींमध्ये एक अंधारी बोळ दिसते. तिला घरगल्ली म्हणतात. आज तिथे कचरा आणि उंदीर असतात. ती ठेवण्यामागचा हेतू कायद्यात लिहिलेला आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने घरगल्लीची व्याख्या केली आहे. सांडपाणी जावे, आणि संडास व मैल्याच्या खड्ड्यापर्यंत सफाई करणाऱ्याला पोहोचता यावे, यासाठी सोडलेली ही जागा.

म्हणजे शहराच्या नकाशातच दोन रस्ते होते. पुढून घरमालक, पाहुणे, भटजी. मागून टोपली घेतलेला माणूस, आणि बहुतेक वेळा टोपली घेतलेली बाई. गावात जे वेशीबाहेरच्या वाड्याने होत होते, ते शहरात चार फुटी बोळीने झाले. त्या कामासाठी पालिका जो कर घेत होती त्याचे नाव हलालखोर कर. हलालखोर म्हणजे कष्टाचे, हलालचे खाणारा. शब्द मानाचा आणि टोपली डोक्यावर! माणसाला गोड नाव द्यायचे आणि काम तेच ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. हरिजन हा शब्द त्याच रांगेतला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. संशय पुन्हा गटारांवर. गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी सोडले गेले. घबराटीत लोक शहर सोडून पळू लागले तेव्हा पालिकेच्या अधिकाऱ्यांना मोठी धास्ती होती ती सफाई कामगार निघून जातील याची. ते गेले तर हे शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे साहेबाला पक्के ठाऊक होते. ज्यांच्यावाचून शहर आठवडाभर चालू शकत नव्हते, त्यांना त्याच शहराच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते!

प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. त्याच बीआयटी चाळींपैकी परळच्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले. मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना सामाईक संडास, ही त्या चाळींची रचना. सार्वजनिक पाणी आणि सार्वजनिक स्वच्छता यांवरचे बाबासाहेबांचे विचार पुस्तकी नव्हते, याची ही एक साक्ष. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीत पाणी घेतले. पाणी कोणाच्या हाताने बाटते आणि मैला कोणाच्या हाताने निघतो, हे एकाच व्यवस्थेचे दोन प्रश्न आहेत. १९३० च्या दशकात मुंबईच्या पालिका कामगारांची संघटना त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, ती याच जाणिवेतून.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारने वि. न. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. १९५७ मध्ये केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद करा, ढकलगाड्या द्या, अशा शिफारशी झाल्या. समित्या आल्या, शिफारशी आल्या, टोपली तशीच राहिली. कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा यायला १९९३ उजाडले. लंडनने वास आल्यावर काही आठवड्यांत कायदा केला होता. आपल्याला स्वातंत्र्यानंतर शेहेचाळीस वर्षे लागली, कारण इथे वास ज्यांच्या नाकात जात होता ते पार्लमेंटमध्ये बसत नव्हते.

सेप्टिकची झाली ‘सेफ्टी’

फ्रान्समध्ये व्हेसूल गावी जाँ-लुई मुरा यांनी १८६० च्या सुमारास मैल्यासाठी बंद टाकी बांधली आणि १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. टाकीतला घन मैला आपोआप कमी होतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. १८९५-९६ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशी टाकी बांधली आणि तिला सेप्टिक टँक हे नाव दिले. सेप्टिक म्हणजे कुजणारी.

आपल्या गावांत आणि वस्त्यांत या टाकीला सर्रास ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. नाव उच्चारात बदलले, पण त्या बदलाने मोठा घात केला. जी टाकी माणसे मारते तिच्या नावात सुरक्षा आली! खरे तर बंद टाकीत प्राणवायू जवळजवळ नसतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडलेल्या अंड्याचा वास येतो. त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते. आता वास गेला, गॅस निघून गेला, असे वाटते आणि माणूस उतरतो. ५०० पीपीएमच्या पुढे काही श्वासांत शुद्ध हरपते. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. पेपरात ‘सेप्टिक टँकमध्ये गुदमरून तिघांचा मृत्यू’ अशी बातमी येते त्यामागची ही साखळी आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. आपले वीरा साथीदार त्यात लोकशाहीर होते. त्या चित्रपटातला सफाई कामगार मॅनहोलमध्ये उतरण्याआधी खडा टाकतो आणि झुरळे बाहेर येतात का ते पाहतो. आली तर आत हवा आहे, असे धरायचे. गॅस मोजायचे साधे यंत्र हातात न देता माणसाला झुरळाच्या भरवशावर सोडणारी व्यवस्था त्या एका तपशिलात उभी राहते.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना हायकोर्टात जावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. २०१४ मध्येच सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ठरवून दिली होती. तरीही बायांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली.

२०१३ चा कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा सोसायटीच्या चेअरमनलाही लागू होतो. कायद्यात एक पळवाटही आहे. संरक्षक साधनांशिवाय केलेली सफाई म्हणजे धोकादायक सफाई, अशी व्याख्या आहे. मग हातमोजे आणि एक मास्क दाखवला की ठेकेदार मोकळा. कापडी मास्क हायड्रोजन सल्फाइड अडवत नाही, हे त्यालाही माहीत असते.

‘कोणाला बोलवायचं?’

माझ्या कामाच्या निमित्ताने वस्त्यांत जाणे होते, तसे सोसायट्यांतही होते. तुंबले की पहिला प्रश्न ‘काय झालंय?’ हा नसतो. ‘कोणाला बोलवायचं?’ हा असतो. इंजिनिअर, शिक्षक, बँकेतले साहेब अशा शिकल्यासवरल्या माणसांचा हा प्रश्न असतो. गाडी पंक्चर झाली तर टायर पाहतात, फ्यूज उडाला तर मीटरपाशी जातात. मोरी तुंबली की मात्र नाकाला रुमाल आणि हातात फोन. ही नुसती किळस म्हणून सोडून देता येत नाही. किळस सगळ्यांनाच येते. पण स्वतःच्या घाणीची किळस दुसऱ्या ठरावीक माणसाच्या अंगावर टाकता येते, हे जातीने शिकवले आहे.

आणि इथेच पाइपाचा आणि मृत्यूचा संबंध लागतो. व्हेंट तुंबला की लक्षणे चोकअपसारखी दिसतात. पाणी रेंगाळते, वास येतो. मग माणूस बोलावला जातो. तो आला की चेंबर उघडले जाते, टाकीचे झाकण निघते. ‘आता आलाच आहेस तर जरा आत बघ,’ असे वरून कोणीतरी सांगते. पाइपाच्या तोंडावरची मूठभर काटक्यांची अडचण एका माणसाला टाकीच्या तोंडाशी आणून ठेवू शकते.

मग हा गांधीमार्ग झाला का?

वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी हा सवाल करणारच, आणि करायलाच हवा. आपापली सफाई आपण करा, हे तर गांधीजी सांगत होते. आश्रमात संडास साफ करत होते. मग आंबेडकरी माणूस वेगळे काय सांगतो?

बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील पुस्तकात याचा हिशेब चुकता केला आहे. त्यांचा मुद्दा असा की भारतात माणूस सफाईचे काम करतो म्हणून सफाईवाला ठरत नाही, तो जन्माने ठरतो. मग तो ते काम करो वा न करो. ब्राह्मणाने हातात झाडू घेतला तरी त्याच्यावर त्या जातीची बंधने येत नाहीत. आणि या कामाला थोर सेवा म्हणून गौरवणे म्हणजे ज्यांच्यावर ते लादले आहे त्यांना त्यातच गुंतवून ठेवणे. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते.

म्हणून फरक स्पष्ट आहे. संडास साफ करण्यात मला पुण्य नको, सेवेचे समाधान नको, फोटो तर नकोच. दात घासणे जसे माझे काम, तसे माझ्या घरचा पाइप मोकळा ठेवणे माझे काम. त्यापुढचे जे काम जिवाला धोक्याचे आहे ते माणसाने करायचेच नाही, यंत्राने करायचे. गांधीविचाराने माणसाच्या मनात बदल मागितला, रचना तशीच राहिली. आपण आधी रचना बदलायला सांगतो. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की त्याच परंपरेतल्या कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांना रचनेचा प्रश्न कळला होता. मैला हाताळावा न लागता त्याचे खत व्हावे, असा गोपुरी संडास त्यांनी तयार केला. पण देशाने त्यांच्या संडासापेक्षा झाडूचा फोटो जास्त उचलला.

आपल्या बाजूलाही एक अवघड प्रश्न आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. मुंबईच्या सफाई खात्यात आपली, बौद्ध समाजाची, माणसे मोठ्या संख्येने आहेत. कितीतरी घरे त्या पगारावर उभी राहिली, मुले शिकली. ती नोकरी सोडा असे एसी खोलीत बसून सांगणाऱ्यांपैकी मी नाही. पण वारशात झाडू मिळणे आणि वारशात पगाराची हमी मिळणे यांत फरक केला पाहिजे. हमी कायम ठेवून काम यंत्राकडे आणि त्या यंत्राचा चालक म्हणून बढती वारसाकडे, अशी मागणी युनियनने लावून धरली पाहिजे.

आता पाइप: काय करायचे, कसे करायचे

आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा. फक्त एकच मोरी किंवा बेसिन तुंबले असेल तर दोष त्या ट्रॅपमध्ये आहे. केस, साबण, भाताची शिते काढा, काम झाले. खालचे चेंबर भरून वाहत असेल तर मुख्य लाइन तुंबली आहे. तिथे व्हेंट साफ करून उपयोग नाही, पालिकेला किंवा लाइन साफ करणाऱ्या मशीनला बोलवा. पण चेंबर रिकामे आहे, तरी फ्लश रेंगाळतो, एका जागी पाणी सोडले की दुसऱ्या जागी गुडगुडते, ट्रॅपमधले पाणी आपोआप कमी होते आणि वास येतो, असे असेल तर व्हेंटवर संशय घ्या.

गच्ची सपाट आणि कठडा धड असेल तरच वर जा. पत्र्याच्या किंवा कौलांच्या उतरत्या छपरावर चढू नका. तिथे साधने असलेला प्लंबर बोलवा आणि त्याची मजुरी न घासाघीस करता द्या. पाऊस पडत असताना जाऊ नका. सोबत दुसरा माणूस हवाच. हातात रबरी मोजे घाला. वारा पाठीमागून येईल असे उभे राहा आणि पाइपाच्या तोंडावर वाकून आत डोकावू नका. जवळ काडी, लायटर, विडी-सिगारेट काही नको, कारण मिथेन पेट घेतो.

टोपी किंवा जाळी काढा. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. हिवताप विभागाचे लोक डासांसाठी व्हेंटला जाळी बांधायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण घरोघरी त्याऐवजी जुने फडके किंवा प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसते. पिशवीने डास थांबतात आणि हवाही थांबते. कापडावर धूळ आणि कोळिष्टके बसून तेही बंद होते.

मग तोंडाशी असलेली घरट्याची काडी, पाला, गांधीलमाशीचे पोळे पाहा. गांधीलमाश्या जिवंत असतील किंवा घरट्यात अंडी-पिल्ले असतील तर थांबा, आधी त्यांचे काय ते पाहा. बाकीचा कचरा वर ओढून काढा. खाली ढकलू नका, तो बाकात जाऊन अडकेल. टोक वाकवलेली जाड तार किंवा बांबूची लवचीक कामटी यासाठी पुरते. जुन्या बिडाच्या किंवा पीव्हीसी पाइपात सळई ठोकू नका, सांधा फुटेल.

त्यानंतर बादलीभर पाणी हळूहळू ओता, नळी असेल तर उत्तम. पाणी सरसर खाली गेले आणि खालून आवाज आला तर पाइप मोकळा. पाणी तोंडाशी थांबले तर अडथळा खोल आहे. प्लंबरची स्प्रिंग घालून फिरवा आणि पुन्हा पाणी सोडा. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर प्लंबरला बोलवा.

अॅसिड ओतू नका. हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. कुजलेल्या मैल्यातल्या सल्फाइडवर अॅसिड पडले की हायड्रोजन सल्फाइडच तयार होतो. अॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले तर क्लोरीन. बाजारातल्या बाटलीने घरातच गॅस चेंबर करून ठेवायचे का?

शेवटी गंजत नाही अशी बारीक जाळी बसवा, टोपी घाला. खाली येऊन प्रत्येक मोरीत आणि बेसिनमध्ये दोन तांबे पाणी ओता, म्हणजे ट्रॅपचे पाणी पुन्हा भरेल. फ्लश करून कान द्या. गुडगुड थांबली पाहिजे. हातपाय साबणाने धुवा. हे काम वर्षातून दोनदा करा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर.

आणि एक गोष्ट विसरू नका. व्हेंट मोकळा झाला म्हणून टाकी उतरण्यालायक होत नाही. पाइप कितीही साफ असला तरी आत विषारी वायू असतोच. टाकीचे झाकण उघडणे हे घरातल्या माणसाचे काम नाही. टाकी भरली तर मैला उपसणारी सक्शन गाडी बोलवा, आणि गाडीवाल्याला आधीच सांगा की माणूस आत उतरणार नाही.

चळवळीने काय करावे

आपल्या विहारांत, वसतिगृहांत, समाजमंदिरांत, अभ्यासिकांत सेप्टिक टँक आहेत. सुरुवात तिथून करू. टाकीवर व्हेंट आहे का, त्याला जाळी आहे का, टाकी शेवटची कधी उपसली आणि कशाने उपसली, याची नोंद एका वहीत ठेवा. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला आपण शिडी चढतो. त्याच शिडीने वर्षातून दोनदा व्हेंटपर्यंतही जाऊ.

सोसायटीत राहणाऱ्यांनी सर्वसाधारण सभेत लेखी ठराव मांडावा की गटार आणि टाकीत माणूस उतरवला जाणार नाही आणि सफाईचे काम फक्त यंत्र असलेल्या ठेकेदारालाच दिले जाईल. ठराव नामंजूर झाला तर इतिवृत्तात विरोधकांची नावे लिहून घ्या. उद्या काही घडले तर तो कागद पोलीस ठाण्यात बोलेल. गावात नवे संडास बांधले जात असतील तर ग्रामसभेत दोन शोषखड्ड्यांचा आग्रह धरा. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचे खत होते. त्यात वायू जमिनीत मुरतो, म्हणून व्हेंटही लागत नाही आणि ओला मैला उपसायला माणूसही लागत नाही. चुकीची टाकी बांधणारा आजच पुढच्या वीस वर्षांतल्या कुठल्यातरी बातमीची तयारी करत असतो.

आणि कोणी टाकीत उतरताना दिसला तर फोटो काढून पुढे पाठवू नका. त्याला थांबवा. काम बुडाले म्हणून त्याचा रोज बुडू देऊ नका. तो रोज सोसायटीकडून वसूल करा, आणि कोणी त्याला उतरवत होते त्याच्यावर २०१३ च्या कायद्याखाली तक्रार द्या.

पाइपाच्या टोकाला हवा मोकळी असेल तर खालची घरे श्वास घेतात, हे लंडनने राजपुत्राचा जीव धोक्यात आल्यावर शिकून घेतले. आपल्याकडे किती जीव गेले याची धड मोजदादही झाली नाही. ती मोजदाद, ती भरपाई, ती यंत्रे, हे सगळे सरकारकडून भांडून घ्यायचे आहेच. पण गच्चीवर जाऊन जाळीवरचा कचरा काढायला कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही. या रविवारी जाऊन बघा.

जय भीम!